जुन्या साडीने पाणी गाळायचं ते असं

साडी सुती हवी आणि जुनी हवी. नवी, खळीची नको. पॉलिस्टरची तर नकोच. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुताचे धागे फुलतात आणि त्यांच्यामधली भोकं बारीक होतात. आरोग्यसेविका म्हणून घरोघर फिरताना मी आधी माठावरचं फडकं बघते. बहुतेक ठिकाणी ते एकपदरी असतं. त्यात काडीकचरा अडतो, पण ज्या जिवांच्या अंगावर बसून पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, जंतू येतात ते सरळ आत जातात.

हे जीव म्हणजे पाण्यातले सूक्ष्म कवचधारी प्राणी. एकेकाच्या अंगावर पटकीचे दहा हजारांपर्यंत जंतू असू शकतात. आजार व्हायला जंतूही बरेच पोटात जावे लागतात, म्हणून हे वाहक अडवले तरी धोका पुष्कळ उतरतो. मेरीलँड विद्यापीठाच्या रिटा कोलवेल, अन्वर हक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे आधी प्रयोगशाळेत तपासलं, मग बांगलादेशातल्या मतलब भागात ६५ गावांत, सुमारे १ लाख ३३ हजार लोकांमध्ये. तिथे तळ्या-नद्यांचं पाणी उकळायला सरपण पुरत नव्हतं आणि कित्येक कूपनलिकांत आर्सेनिक निघालं होतं. सरबत साडीतून गाळायची पद्धत मात्र घरोघरी होती. संशोधकांनी तीच पुढे नेली, म्हणून मला या कामाबद्दल फार आदर आहे. २००३ मध्ये निष्कर्ष छापून आले: साडीने पाणी गाळणाऱ्या गावांत पटकी ४८ टक्क्यांनी कमी.

आता घडी. किमान चार पदर करा, आठ झाले तर उत्तम. कापड उजेडात धरा. कुठे विरलं किंवा फाटलं असेल तर तो तुकडा बाद. कळशीच्या तोंडावर अंथरून गळ्याशी दोरीने घट्ट बांधा आणि पाणी हळूहळू ओता. मतलबच्या बायका तोंडावर कापड धरून कळशी तशीच पाण्यात बुडवत. वरच्या बाजूला रंगीत दोऱ्याचा एक टाका घाला. उद्या कापड उलटं पडलं, तर आज अडकलेलं सगळं कळशीत उतरेल.

गाळून झालं की कापड झटकू नका. अलगद उचला, साध्या पाण्यात खळबळा, शेवटचं पाणी मात्र गाळलेलंच वापरा आणि कडक उन्हात वाळवा. पावसाळ्यात ऊन मिळत नाही, म्हणून दोन-तीन तुकडे आलटून पालटून वापरावेत.

आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना नारू, म्हणजे अंगातून बाहेर निघणारा दोऱ्यासारखा जंत, आठवत असेल. तोही अशाच एका पाण्यातल्या जिवातून, सायक्लॉप्समधून, पोटात जायचा आणि त्यावरही गाळणं हाच मोठा उपाय होता. नारूचा देशातला शेवटचा रुग्ण १९९६ चा.

एक गोष्ट मी बायकांना निक्षून सांगते: पाण्यात सुटे फिरणारे जंतू, कावीळ देणारे विषाणू, आर्सेनिक, खतांचं नायट्रेट यांतलं काहीही साडीत अडकत नाही. म्हणून सरपण किंवा गॅस असेल तर गाळून उकळा. नसेल तर गाळलेल्या पाण्यात मेडिक्लोर (क्लोरीनचं द्रावण) बाटलीवर लिहिल्याप्रमाणे टाका आणि अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात बरंचसं क्लोरीन गाळातच खर्च होतं, त्यामुळे आधी गाळणं इथेही कामी येतं.

सुमारे पाच वर्षांनी संशोधक मतलबला परत गेले, तेव्हा ३१ टक्के बायका अजून पाणी गाळत होत्या. कुणी मागे लागलेलं नसताना एवढ्या जणींनी सवय राखली, हे मला मोठं वाटतं. पण उरलेल्यांची सुटली, हेही खरं. म्हणून पहिल्या पावसाआधी मी सगळ्यांकडून घडी पुन्हा घालून घेते. नव्या सुनेकडून तर आवर्जून, कारण पाणी भरायचं काम बहुधा तिच्याकडे येतं आणि सासूने तिला दाखवलं असेलच असं नाही.