स्पीकर घुंऽऽ करतोय? ॲम्प विकायच्या आधी या चुका टाळा

मागच्या मे महिन्यात जळगावच्या घरी नवीन ॲम्प, म्हणजे ॲम्प्लिफायर, लावला आणि गाणं सुरू व्हायच्या आधीच स्पीकरमधून घुंऽऽऽ. शेजारचे काका खिडकीतून विचारता, "भाऊ, हाऊ आवाज कथाईन येस?" आता काय सांगू त्यांना! आधी ॲम्पला शिव्या घातल्या, मग जाडजूड महागडी पॉवर केबल मागवली, हीच पहिली चूक. डीपीपासून भिंतीतल्या सॉकेटपर्यंत साधीच वायर येते ना, मग शेवटच्या दीड मीटरने काय होणार, घुं तशीच. ती केबल आता कॉम्प्युटरला लावलीय, त्यालाही काही फरक पडला नाही.

पैसे घालण्याआधी एवढं करा: ॲम्पच्या मागच्या सगळ्या इनपुट पिना काढा, फक्त स्पीकर राहू द्या. घुं राहिली तर बहुतेक ॲम्पच्या पॉवर सप्लायचे कपॅसिटर गेले, मिस्त्रीकडे न्या. आपली लाईट 50 हर्ट्झची, पण कपॅसिटरवाली घुं साधारण 100 हर्ट्झची, जरा चढी लागते. घुं गेली तर मग एकेक पिन परत लावत जा. माझ्याकडे सेट टॉप बॉक्सची पिन लावली की सुरू, आणि बॉक्समधली केबलवाल्याची वायर काढली की एकदम शांत. त्या वायरीवरची जाळी तिकडे कुठेतरी वेगळी अर्थ झालेली असते, आपला ॲम्प इकडे अर्थ, आणि दोन्हीच्या मधून करंट फिरतो, यालाच ग्राऊंड लूप म्हणतात. केबल लाईनला आयसोलेटर लावला, तो सिग्नल जाऊ देतो पण अर्थचा जोड तोडतो, ॲम्प, टीव्ही, बॉक्स सगळं एकाच बोर्डवर घेतलं, झालं काम.

काही जण काय करता, प्लगची जाडी, अर्थची पिनच तोडून टाकता. घुं जाते हो, पण उद्या आत वायर सुटून बॉडीला लागली तर ॲम्पला हात लावणारा चिकटेल, त्यामुळे हे अजिबात नको.

अर्थिंगचा खड्डाही बघून घ्या. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 45 च्या पुढे जातो, मीठ-कोळशाचा खड्डा कोरडा पडला की अर्थ नावालाच उरते, अधूनमधून बादलीभर पाणी ओता आणि वायरमनकडून एकदा तपासून घ्या.

मध्येच कर्रर्र येत असेल तर ढिला सॉकेट, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर नाहीतर एलईडी बल्ब, एकेक बंद करून बघा. लाईट गेल्यावरच गुणगुणत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल, साईन वेव्हवाला लागेल.

आणि यावल-रावेरकडे केळीच्या मोटरी सुरू झाल्या की व्होल्टेज बसतं, तेव्हा जुना ट्रान्सफॉर्मरवाला ॲम्प मोठ्या आवाजात फाटतो, आवाज कमी करा नाहीतर स्टॅबिलायझर लावा. पण घरातले काही बल्ब मंद अन् काही एकदम भगभग पेटायला लागले तर न्यूट्रल सुटलेली असू शकते, गाणं राहू द्या, आधी मेन स्विच पाडा.