कपाळावरचा दाब म्हणजे तिसरा डोळा नव्हे

हातकणंगल्याजवळ आळत्याला धम्मालय या विपश्यना केंद्रात दहा दिवसांच्या शिबिराला नाव नोंदवलं की पुष्कळांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तिथे आज्ञाचक्र, म्हणजे भुवयांमधला ‘तिसरा डोळा’, उघडतं का? सरळ उत्तर, नाही. तिथे ते कुणी उघडायलाही सांगत नाही. पण प्रश्न येतो कुठून, ते समजून घेतलं तर दहा दिवस बरेच सुखाचे जातात.

आपल्याकडे कुंडलिनी, म्हणजे कण्याच्या तळाशी निजलेली शक्ती, ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातून घरात आलेली आहे. कुंकवात न्हालेलं नागिणीचं पिल्लू ही उपमा ज्यांनी पारायणात ऐकली, त्यांना ध्यान म्हटलं की पाठीचा कणाच आठवणार. ती नाथपरंपरेची वाट आहे. त्यावर अलीकडे मोबाइलवरचं इंद्रधनुष्य चढलं: कण्याच्या तळाचं मूलाधार लाल, आज्ञा गडद निळं. हा सप्तरंगी तक्ता विसाव्या शतकातला आहे. 1577 च्या षट्चक्रनिरूपण या संस्कृत ग्रंथात आज्ञाचक्र दोन पाकळ्यांचं आणि चंद्रासारखं पांढरं आहे.

बुद्धवचनांच्या पाली साहित्यात ‘चक्क’, म्हणजे चक्र, भरपूर सापडतं, पण शरीरातल्या कमळांसाठी नाही. सारनाथला फिरवलं ते धम्मचक्क, आणि बुद्धांच्या तळपायावर हजार आऱ्यांचं चक्र, ते महापुरुषाच्या बत्तीस लक्षणांपैकी एक. डोळ्यांचंही तसंच; पालीत डोळा म्हणजे चक्खु. मंसचक्खु, दिब्बचक्खु, पञ्ञाचक्खु, बुद्धचक्खु, समन्तचक्खु असे पाच सांगितलेत आणि त्यातला एकही कपाळावर नाही. दिब्बचक्खु म्हणजे प्राणी आपापल्या कर्माप्रमाणे कसे मरतात आणि जन्मतात ते पाहणारं ज्ञान; त्याला चौथ्या झानाचा, म्हणजे खोल ध्यानाच्या चौथ्या पायरीचा, पाया लागतो. बुद्धांचा पहिला शिष्य कोंडञ्ञ, त्याला पहिल्या प्रवचनाच्या वेळी लाभलं ते धम्मचक्खु: जे उपजतं ते सगळं लयाला जातं, एवढं स्वच्छ दिसणं. मग विहारातल्या मूर्तीच्या भुवयांमध्ये ठिपका असतो तो? ती उण्णा, बत्तीस लक्षणांतलंच आणखी एक: कापसासारखा मऊ, पांढरा केसांचा पुंजका. दगडात केस कोरणं अवघड, म्हणून शिल्पकारांनी गोल उंचवटा केला, कुठे खडा बसवला. शंकराच्या डोळ्याशी त्याचा संबंध नाही.

आता प्रत्यक्ष बैठक. पहाटे चारला घंटा, दिवसभरात साधारण दहा तास बसणं, तोंडाला कुलूप. पहिले साडेतीन दिवस फक्त आनापान: नाकपुड्यांच्या कडा आणि वरच्या ओठावरची जागा, तिथे नैसर्गिक श्वास कसा लागतो तेवढंच पाहायचं. गडबड इथेच सुरू होते. डोळे मिटलेले असले तरी बुबुळं नकळत वर चढतात, भुवया आवळल्या जातात, दात दाबले जातात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोन भुवयांच्या मध्ये दाब, कधी ठणका. नवखा खूश होतो: उघडलं! आणि अजून जोर लावतो.

तपासायला सोपी युक्ती आहे. मिटल्या डोळ्यांनी नजर खाली, मांडीकडे सोडा. जीभ सैल, वरच्या-खालच्या दातांत थोडी फट, कपाळ गुळगुळीत. असे दहा श्वास घ्या. दाब उतरला तर तो स्नायूंचा होता. उतरला नाही तरी तिकडे लक्ष लावू नका, परत ओठावर या. दुसरं कारण त्याहून साधं: चहा. दिवसाला आठ-दहा कप घेणाऱ्याला शिबिरात दोन वेळचा मिळाला की दुसऱ्या दिवशी डोकं धरणारच. जायच्या आधी आठवडाभर रोज एकेक कप कमी करत आणा. आदल्या रात्री तांबडा-पांढरा चापून जाणाऱ्यांना पहिली पहाट जड जाते, हे सांगायला नको.

चौथ्या दिवशी विपश्यना सुरू होते. टाळूपासून पायाच्या बोटांपर्यंत एकेक भाग क्रमाने पाहत जायचं. टाळूवर मुंग्या आल्या की ‘सहस्रार’, म्हणजे टाळूवरचं चक्र, म्हणायची घाई नको. तुम्ही लक्ष आधी तिथेच नेलं, म्हणून तिथली संवेदना आधी कळली. अंगावर काटा, झिणझिण्या, लाटा, हलकेपणा यांना थेरवाद, म्हणजे पाली ग्रंथ मानणारी बौद्ध परंपरा, पीती (ध्यानातला आनंद) म्हणतो आणि तिचे पाच प्रकार मोजतो. प्रकाश दिसला तर त्यालाही नाव आहे: ओभास. पाचव्या शतकातल्या बुद्धघोषांनी विपश्यनेला मळवणाऱ्या दहा गोष्टी सांगितल्या, त्यात पहिला मान या उजेडाचा. उजेड वाईट नसतो, पण माणूस त्यावर लट्टू होतो आणि पुढच्या बैठकीत तोच शोधत बसतो. तसं झालं की ती बैठक गेलीच समजा.

जप, मंत्र, रेकी, चक्रध्यान यातलं काही शिबिरात मिसळायचं नाही हा नियम काहींना जाचक वाटतो. पण दोन पद्धती एकत्र केल्या तर काय कशामुळे झालं ते आचार्यांनाही सांगता येत नाही. पूर्वी मनोविकारावर उपचार झाले असतील तर अर्जात लपवू नका. झोप दोन-तीन रात्री सलग उडाली किंवा आवाज ऐकू येऊ लागले तर ते कुठलंही चक्र नसतं. लगेच आचार्यांना सांगा आणि डॉक्टर गाठा.

बौद्धांत चक्रं नाहीतच, असं मात्र ठोकून देऊ नका. तिबेटात रुजलेल्या वज्रयान या तांत्रिक बौद्ध पंथात ती आहेत आणि चांगली तपशीलवार. हेवज्र तंत्र या त्यांच्या ग्रंथात चार: नाभीत निर्माणचक्र 64 पाकळ्यांचं, हृदयात धर्मचक्र 8, कंठात संभोगचक्र 16, मस्तकात महासुखचक्र 32. ललना, रसना आणि मधली अवधूती या नाड्या. नाभीतली उष्णता म्हणजे चण्डाली. कालचक्र या दुसऱ्या तंत्रात मात्र सहा चक्रं. आकडा तंत्रागणिक बदलतो, कारण ही चक्रं शरीर फाडून सापडणारी नव्हेत, ध्यानात रचून वापरायची आहेत. नवख्याला त्यातलं जवळचं म्हणजे मस्तकात पांढरा ओं, कंठात तांबडा आः, हृदयात निळा हूं: काया, वाचा, चित्त. पुढच्या साधनेला अभिषेक, म्हणजे गुरूकडून रीतसर दीक्षा, लागतो आणि त्याआधी पूर्वतयारी, ज्यात दंडवतं, शताक्षरी मंत्र, मंडल अर्पण वगैरे प्रत्येकी एक लाख. कोल्हापूरहून बेळगाव-हुबळी मार्गे मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीत गेलात तर तिथे गदेन आणि द्रेपुंग हे मोठे मठ आहेत. पुस्तकातून कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, शिकून नाभीत आग लावायला जाऊ नका.

जोर लावल्यावर जे बिघडतं त्याला तिबेटी वैद्यक ‘लुंग’, म्हणजे वाताचा प्रकोप म्हणतं: छाती आवळणं, झोप न लागणं, चिडचिड, डोक्यात वर वर चढणारा दाब. उपाय म्हणजे साधना थांबवणं, लक्ष तळपायांवर आणणं, रंकाळ्याभोवती सावकाश चालणं आणि गरम, स्निग्ध जेवण. तिबेटी वैद्य त्यावर हाडांचं सूप देतात. आपला पांढरा रस्सा एवढ्या जवळचा निघेल असं कुणाला वाटलं होतं!

शिबिराला जाताना चादर, सैल कपडे, टॉर्च घ्या. गंडेदोरे, जपमाळ आणि ती सात खड्यांची चक्रमाळ घरीच ठेवा. नेलीत तर मोबाइलसोबत तीही कार्यालयात जमा करावी लागेल.