बडोद्याहून मालवणला मासळी महोत्सवासाठी कसे जावे

डिसेंबर उजाडला की बडोद्यातल्या दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या मराठी घरांतून मालवणच्या बाजूला भरणाऱ्या मासळी महोत्सवांची चौकशी सुरू होते आणि तिच्या पाठोपाठ सल्लेही सुरू होतात. ‘मुंबई गाठा, पुढे काही ना काही मिळेलच’ हा त्यांतला सर्वांत वाईट सल्ला आहे. मुंबईच्या पुढे आयत्या वेळी काहीही मिळत नाही, आणि मिळालेच तर रात्रभर उभे राहून जावे लागते. या प्रवासातली खरी अडचण तिकिटाची आहे, म्हणून या लेखातही बहुतेक जागा तिकिटालाच दिली आहे. बॅगेत काय भरावे, ओळखपत्र बरोबर ठेवावे की नाही, हे वाचकांना ठाऊक असेलच.

आधी तारीख पक्की करावी. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी नौकांना मासेमारीची बंदी असते आणि पावसाळा पूर्ण सरेपर्यंत दर्यात जाणेही बेभरवशाचे असते, त्यामुळे असे महोत्सव बहुधा थंडीच्या दिवसांतच भरतात. त्यांच्या तारखा मात्र उशिरा जाहीर होतात. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जाहिरातीवर अजिबात विसंबू नये, कारण मागच्या वर्षीची जाहिरात यंदाची म्हणून सर्रास पुढे पाठवली जाते. मालवणात जिथे उतरायचे त्या घरच्या यजमानांना फोन करून विचारावे. गावात मांडव उभा राहणार आहे की नाही, हे त्यांना सर्वांत आधी कळते.

आता तिकीट. रेल्वेचे आगाऊ आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते, महोत्सवाची तारीख मात्र पुष्कळदा तीन-चार आठवडे आधी कळते, आणि तोवर शनिवार-रविवारला लागून असलेल्या कोकणातल्या गाड्या भरून गेलेल्या असतात. म्हणून तारखेची वाट पाहत बसू नये. महोत्सव ज्या शनिवार-रविवारी भरण्याची शक्यता दिसते, त्या दिवसांची जाण्या-येण्याची तिकिटे काढून ठेवावीत आणि तारीख बदलली तर ती वेळेवर रद्द करावीत. बरेच दिवस आधी रद्द केल्यास कापली जाणारी रक्कम फार नसते.

कोणत्या गाडीचे तिकीट काढावे, हा प्रश्न सुरुवातीला मलाही फार जड गेला होता. राजस्थान आणि सौराष्ट्रातून केरळकडे जाणाऱ्या काही गाड्या बडोद्याला थांबतात, मुंबई शहरात न शिरता वसई रोडवरून पनवेलमार्गे कोकण रेल्वेवर जातात आणि नकाशावर अगदी सोयीच्या दिसतात. पण त्यांतल्या बहुतेक आठवड्यातून एकदाच धावतात, आणि अनेक गाड्या रत्नागिरी सोडली की सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुठेही न थांबता थेट गोव्यात शिरतात. शिवाय बडोदा हे मधले स्थानक असल्याने इथून मिळणारे प्रतीक्षा तिकीट बहुधा मर्यादित कोट्यातले असते. तिकिटावर जीएनडब्ल्यूएल (सर्वसाधारण प्रतीक्षा यादी) लिहिले असेल तर ते पक्के होण्याची बरी आशा धरावी. आरएलडब्ल्यूएल किंवा पीक्यूडब्ल्यूएल (मर्यादित कोट्यांच्या प्रतीक्षा याद्या) लिहिले असेल तर प्रतीक्षा क्रमांक लहान असला तरी त्यावर विसंबून घराबाहेर पडू नये. अशाच गाडीने जायचे असेल तर ती जिथून सुटते तिथपासूनचे तिकीट काढून चढण्याचे स्थानक म्हणून बडोदा नोंदवावे. भाडे थोडे जास्त पडते, पण सर्वसाधारण कोट्यात जागा मिळण्याची शक्यता वाढते. बरोबर वडीलधारी माणसे असतील, गाडी मालवणजवळच्या कणकवलीला किंवा कुडाळला थांबत असेल आणि जागा पक्की असेल, तर हीच गाडी घ्यावी. या तीनही गोष्टी जुळत नसतील तर तिचा नाद सोडावा.

माझे ठाम मत असे की बडोदेकरांनी प्रवासाचे दोन तुकडे करावेत आणि आधी दुसऱ्या तुकड्याचे तिकीट काढावे. दुसरा तुकडा म्हणजे दादरहून सावंतवाडीला जाणारी तुतारी एक्सप्रेस. ती दादरहूनच सुटते आणि कुडाळ तिच्या मार्गाच्या जवळजवळ शेवटाला आहे, त्यामुळे तिकीट सर्वसाधारण कोट्यातले मिळते. कोकणकन्या आणि मांडवी या गाड्याही उत्तम आहेत, परंतु गोव्याच्या पर्यटकांमुळे त्या आधी भरतात. बडोदा ते मुंबई या पहिल्या तुकड्यासाठी दिवसभरात भरपूर गाड्या असल्याने त्याचे तिकीट नंतर काढले तरी चालते. लोक नेमके उलट करतात: मुंबईचे तिकीट मोठ्या उत्साहाने आधी काढतात आणि पुढच्या गाडीसाठी धावाधाव करत राहतात.

तुतारीचे तिकीट काढताना तारखेकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. ही गाडी मध्यरात्र उलटल्यावर, ००:०५ वाजता सुटते. बडोद्याहून शुक्रवारी दुपारी निघणाऱ्या माणसाला तुतारीचे तिकीट शनिवारच्या तारखेचे हवे. शुक्रवारचे काढले तर तो बडोद्यात घरी झोपलेला असतानाच त्याची गाडी दादरहून निघून गेलेली असते. कित्येक कुटुंबे फलाटावर उभी राहिल्यानंतर हे समजून रडकुंडीला येतात, आणि त्या वेळी तिकीट तपासनीसही काही करू शकत नाही. मात्र याच तारखेचा एक मोठा फायदाही आहे. तत्काळ आरक्षण गाडी सुटण्याच्या तारखेच्या आदल्या दिवशी उघडते, वातानुकूलित डब्यांचे सकाळी १० वाजता आणि स्लीपरचे ११ वाजता. म्हणजे शनिवारच्या तारखेच्या तुतारीचे तत्काळ शुक्रवारी सकाळी उघडते, आणि बडोद्याहून दुपारची गाडी पकडण्यापूर्वीच जागा मिळाली की नाही हे कळते. न मिळाल्यास घरीच थांबता येते. आयआरसीटीसीवर तत्काळ तिकिटासाठी खाते आधारशी जोडलेले लागते. ते काम आठवडाभर आधी उरकावे, शुक्रवारी सकाळी ९:५५ वाजता नव्हे.

पहिल्या तुकड्याची गाडी रात्री साडेनऊच्या आत बोरिवलीला पोहोचेल अशी निवडावी. ती दादरला थांबत असेल तर प्रश्नच मिटला. वांद्रे टर्मिनसला संपणारी गाडी असेल तर मात्र शेवटपर्यंत बसून राहू नये, कारण ते टर्मिनस वांद्र्याच्या लोकल स्थानकापासून दूर आहे आणि सामान घेऊन तिथून निघणे त्रासाचे होते. बोरिवलीलाच उतरून, लोकलचे वेगळे तिकीट काढून चर्चगेटकडे जाणारी जलद लोकल घ्यावी. संध्याकाळची गर्दी उलट दिशेची, विरारकडे जाणारी असते, त्यामुळे ज्यांना मुंबईच्या लोकलची धास्ती वाटते त्यांनीही या प्रवासाला भिऊ नये. दादरला पश्चिम रेल्वेचे फलाट १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४ आहेत. तुतारी मध्य रेल्वेच्या बाजूने सुटते. पूल ओलांडून जावे आणि फलाट क्रमांक उद्घोषणा ऐकूनच नक्की करावा.

कुडाळला दुपारच्या आधी उतरणे होते. मालवणला रेल्वे नाही. कुडाळहून एसटी किंवा रिक्षाने तासाभराचा रस्ता आहे. मालवणजवळच्या चिपीचा विमानतळ २०२१ मध्ये सुरू झाला, पण तिथल्या उड्डाणांवर महोत्सवाचा बेत बांधू नये.

महोत्सवाला संध्याकाळी मांडव उघडताच जावे. गर्दी वाढली की तव्यावरचे मासे घाईघाईने उतरवले जातात आणि मोबाइलचे नेटवर्कही मंदावते, म्हणून खिशात रोख पैसे असावेत. सुरमई आणि पापलेट बडोद्यातही मिळतात. मालवणात येऊन तेवढ्यावरच पोट भरणे ही मोठी हानी आहे. तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले, तिसऱ्यांचे सुके आणि मोरीचे (म्हणजे शार्क माशाचे) मटण आधी मागावे, तळलेले नंतर. सोलकढी शेवटी.

परतीसाठी रविवारी संध्याकाळची तुतारी कुडाळला पकडावी. ती सोमवारी सकाळी दादरला सोडते. रोह्याच्या पुढे कोकण रेल्वेचा मार्ग बहुतांशी एकेरी असल्याने समोरून येणाऱ्या गाडीसाठी थांबावे लागते आणि उशीर होतो, म्हणून बडोद्याची गाडी किमान तीन तासांच्या अंतराने घ्यावी. ताजे मासे बर्फात घालून आणण्याचा आग्रह धरू नये. एवढ्या प्रवासात बर्फ वितळतो, पाणी डब्यात गळते आणि मासाही खराब होतो. सुके बांगडे आणि सुकट मात्र जरूर आणावीत, दोन पिशव्यांत बांधून घट्ट झाकणाच्या डब्यात.