कपॅसिटिव्ह सेन्सरचा सिग्नल दबतोय? आधी केबल बघा
कपॅसिटन्स म्हणजे विद्युतभार साठवायची क्षमता, ती पिकोफॅरडमध्ये मोजू. सेन्सर जेमतेम १० पिकोफॅरडचा आणि त्याची मीटरभर कोअ‍ॅक्सियल केबल साधारण १०० पिकोफॅरडची! सिग्नल दोघांत वाटला जातो, साध्या व्होल्टेज अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत मग सिग्नलचा अकरावा हिस्साच पोचतो. गेन (अ‍ॅम्प्लिफायर सिग्नल किती पट मोठा करतो ते) वाढवायची घाई करू नका, नॉइजही तितकाच फुगेल. टीएल०७२सारखा जेफेट ऑप-अँप (इनपुटला जवळजवळ करंट न ओढणारी अ‍ॅम्प्लिफायर चिप) बफर म्हणून, म्हणजे सिग्नल तसाच पुढे केबलमध्ये ढकलायला, सेन्सरला अगदी खेटून लावा. इनपुटला बायस रेझिस्टर (इनपुटचा डीसी व्होल्टेज ठरवणारा) मात्र हवाच, मेगओहमांतला.

मोजतानाही जपा. ऑसिलोस्कोपचा १एक्स प्रोब (सिग्नल तसाच नेणारा) स्वतःच शंभरेक पिकोफॅरड घालतो, सेन्सरच्या टोकाला लावला की उरलासुरला सिग्नलही बसतो. १०एक्स (सिग्नल दहापट कमी करणारा, पण कमी कपॅसिटन्सचा) घ्या आणि बफरच्या आउटपुटवर लावा.

तरीही सिग्नल ढिम्म? इनपुटच्या पिनेभोवतीचा चिकट, पिवळट फ्लक्स (सोल्डरिंगनंतर उरणारा थर) आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने घासून काढा. पावसाळ्यात तो ओल धरतो आणि तिथूनच गळती होते.