अंगणात इंजिन खोलताना या चुका टाळा

दर्यापूरहून अकोटकडे निघालो होतो. इंजिन बांधून जेमतेम चाळीस किलोमीटर झाले होते. एका फाट्यावर गाडी न्यूट्रलला आणली आणि मीटरमधला ऑईलचा लाल दिवा लुकलुकला. रेस दिली की जायचा, सोडली की परत यायचा. शेजारी बसलेला चुलतभाऊ म्हणाला, "वायर ढिली असन भाऊ, काऊन थांबून राह्यला? चाल." मी गाडी पुढे काढली. सात-आठ किलोमीटरवर इंजिनातून टकटक सुरू झाली. घरी टोचन लावून आणली तेव्हा दुसऱ्या नंबरच्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलेलं होतं आणि क्रँकला, म्हणजे पिस्टन ज्या दांड्याला फिरवतात त्याला, बोटाला लागेल एवढी रेघ पडली होती.

चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं, उतरवलं. ऑईल पंपाच्या जाळीवर करडा, चिकट थर बसला होता. नखाने एक टोक उचललं तर अख्खा थर पेळूसारखा सुटून हातात आला. कापूस होता, आमच्या घरचाच. त्या साली भाव नव्हता म्हणून कापूस विकला नव्हता, पडवीत गंजी पडली होती. तेलाचा हात पुसायला, क्रँक पुसायला, सिलिंडर पुसायला मी त्यातलाच मूठ-मूठ घेत होतो. तंतू आत राहत गेले, तेलाबरोबर जाळीवर जमले, पंपाला तेल ओढता येईना आणि बेअरिंग कोरडं पडलं.

तेव्हापासून माझं पक्कं मत आहे. घरी बांधलेलं इंजिन बिघडतं ते धुळीने, घाईने आणि न मोजता बसवलेल्या पार्टने. बोल्ट खोलून परत आवळणं कोणालाही जमतं. खालच्या चुका काही मी स्वतः केल्या, काही आजूबाजूच्या गावांत पाहिल्या. माझी गाडी जुनी कार्ब्युरेटरवाली मारुती ८००, म्हणजे ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन. उदाहरणं तिचीच आहेत, पण बहुतेक गोष्टी कुठल्याही पेट्रोल इंजिनाला लागू पडतात.

पुसायला कापूस आणि चिंध्या

इंजिनाच्या आतला भाग पुसायला कापूस, जुनी बनियन, गोधडीचा तुकडा यातलं काहीही वापरू नका. तंतू न सोडणारं घट्ट विणीचं सुती कापड घ्या, जुनी धुतलेली कॉटन शर्टाची पाठ उत्तम. धार कापलेली असेल तर ती दुमडून शिवून घ्या, कारण दोरे धारेतूनच सुटतात. तेलाची भोकं पुसायची नसतात. ती बारीक ब्रशने घासून हवेने फुंकायची असतात. पंक्चरवाल्याचा कंप्रेसर त्याला पुरतो. हवा मारताना डोळ्यांवर चष्मा हवाच.

आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी वावटळी उठतात आणि काळ्या मातीची पूड कुठेही शिरते. खोललेला ब्लॉक अंगणात उघडा ठेवू नका. धान्याची स्वच्छ प्लास्टिक बॅग वरून चढवून तोंड बांधा. तागाचं पोतं नको, त्याचेही तंतू सुटतात. जोडणीचं काम सकाळी सहा ते नऊमध्ये करा. वारा पडलेला असतो आणि दुसरंही एक कारण आहे, ते पुढे येतंच.

काळ्या मातीवर जॅक

ही चूक इंजिनाला नाही, माणसाला महागात पडते. कोरडी काळी माती वरून दगडासारखी वाटते, पण खाली भेगा असतात. जॅकचा छोटा तळ एका जागी भार देतो आणि माती अचानक बसते. जॅक आणि घोडी (गाडी उचलल्यावर तिला टेकू देणारा लोखंडी स्टँड) दोन्हींच्या खाली किमान दोन इंच जाडीची रुंद फळी द्या. गाडी घोडीवर बसवल्यावर हाताने चारी बाजूंनी हलवून बघा, मगच खाली जा. नुसत्या जॅकवर तर कधीच जाऊ नका. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक घोडीच्या जागी चालत नाहीत, ते सांगून तडकत नाहीत.

लिंबाच्या फांदीला चेन पुली बांधून इंजिन काढायची पद्धत गावोगावी आहे. मी ती सोडून दिली. आतून पोखरलेली फांदी बाहेरून ओळखू येत नाही. लोखंडी पाइपची तिपाई भाड्याने मिळते, तीच वापरा. मारुतीत इंजिन आणि गिअरबॉक्स आडवे, एकमेकांना जोडलेले असतात. दोन्ही एकत्र काढायचं ठरवलं तर "चार जण उचलू" म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

न मोजता जोडणं

"मिस्त्री हातानेच ओळखतो" हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलं आहे. वीस वर्षं रोज तेच काम करणारा काही प्रमाणात ओळखतोही. आपण वर्षात एकदा इंजिन खोलतो, आपल्या बोटांना ते कळत नाही. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), मायक्रोमीटर (जाडी मोजायचं) आणि टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळणारा) ही तीन हत्यारं नसतील तर शेजाऱ्याकडून आणा, पण त्यांच्याशिवाय पुढे जाऊ नका.

या इंजिनाचा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६८.५ मिलीमीटर. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली जागा साधारण चार-पाच शतांश मिलीमीटर, डोक्याच्या केसापेक्षाही कमी. आता मे महिन्याची दुपार आठवा. ब्लॉक छपरात गार पडला आहे आणि नवा पिस्टन उन्हातल्या डिक्कीत होता. दोघांच्या तापमानात वीस अंशांचा फरक असेल, तर अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन जवळपास तीन शतांश फुगलेला असतो. तुम्ही मोजाल आणि म्हणाल, पिस्टन घट्ट आहे, बोअर अजून घासून घेऊ. तो घासलेला बोअर संध्याकाळी सैल निघतो आणि गाडी पिस्टनभोवतीच्या नव्या रिंगांवरही निळा धूर सोडते. म्हणून पार्ट आणि ब्लॉक रात्रभर एकाच खोलीत ठेवा आणि पहाटे मोजा. सकाळच्या कामाचं दुसरं कारण हेच.

रिंगांचंही तसंच. नवीन पाकीट आणलं, पिस्टनवर चढवलं, झालं, असं नसतं. प्रत्येक रिंग त्याच सिलिंडरमध्ये एकटी घाला, पिस्टनच्या डोक्याने ढकलून सरळ बसवा आणि दोन टोकांमधली फट गेजने मोजा. या बोअरला वरच्या रिंगेची फट पाव मिलीमीटरच्या आसपास असते. नक्की आकडा तुमच्या पिस्टनच्या कागदावरून घ्या. फट कमी पडली तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग सिलिंडरला ओरखडते. रिंगेवरची खूण वर ठेवा आणि तिन्हींच्या फटी एका रेषेत येऊ देऊ नका.

रॉडच्या टोप्या, म्हणजे रॉडला क्रँकवर पकडणारे खालचे अर्धे भाग, आपसांत बदलू नका. काढायच्या आधीच रॉड आणि टोपीवर नंबरांचे ठोके आहेत का बघा, नसतील तर करा. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलवर फोटो काढा, होजच्या क्लिपची दिशासुद्धा दिसेल असे.

लेथवरून आलेला माल तसाच बसवणं

क्रँक घासायला शहरात नेला, 'दहा साइज' म्हणजे पाव मिलीमीटर कमी करून आणला. बाहेरून आरशासारखा चमकत होता. मी भोकात गन बॅरलचा ब्रश फिरवला तर काळी, करकरीत पेस्ट बाहेर आली. घासणीच्या चाकाची पूड तेलाच्या भोकांत बसलेली होती. दुकानात धुतलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. ती पूड तशीच राहिली असती, तर पहिल्याच मिनिटाला नव्या बेअरिंगमध्ये रुतून बसली असती.

होनिंग केलेला, म्हणजे दगडाने आतून बारीक रेघा मारून घासलेला बोअर नुसत्या पेट्रोलने साफ होत नाही. पेट्रोल तेल काढतं, पण दगडाचे कण रेघांतच राहतात. गरम पाणी आणि कपडे धुवायच्या साबणाने ब्रश मारून धुवा. मग पांढरं कापड फिरवा, त्यावर करडा डाग येणं बंद होईपर्यंत. आणि लगेच तेल लावा, आमच्या हवेतसुद्धा उघड्या बिडावर तासाभरात तांबूस गंज चढतो.

हेड बसवतानाची घाई

ब्लॉकमधल्या बोल्टच्या भोकांत तेल किंवा पाणी राहिलं असेल, तर बोल्ट आवळताना ते दाबलं जातं आणि ब्लॉक तडकू शकतो. भोकं फुंकून कोरडी करा. हेडवर, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणावर, सरळ पट्टी ठेवून खाली गेज घालून बघा. या हेडमध्ये ०.०५ मिलीमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर ते लेथवर सपाट करून घ्या. गॅस्केट नवीनच हवं. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्यानेच आवळा.

चेंबरला गळती थांबवायचं सिलिकॉन थापणाऱ्यांना एक विनंती. बारीक दोऱ्याएवढी रेघ पुरे. बाहेर आलेलं सिलिकॉन आपल्याला दिसतं, तेवढंच आतही जातं आणि तुटून त्याच जाळीवर येऊन बसतं.

टायमिंग बेल्ट चढवल्यावर क्रँक हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवा आणि खुणा पुन्हा जुळतात का बघा. मध्येच अडला तर जोर लावू नका.

खारं पाणी

पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला आमचा खारपाणपट्टा. इथल्या विहिरीचं पाणी जनावरंही नाइलाजाने पितात. तेच पाणी आम्ही बादली भरून रेडिएटरमध्ये ओततो. मारुतीचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे. क्षारांचं पाणी ते आतून खातं, पाण्याच्या वाटा खड्ड्याखड्ड्यांच्या होतात आणि हेड गॅस्केटच्या कडेपर्यंत कुरतडलेली जागा आली की कितीही नवीन गॅस्केट टाका, महिनाभरात पुन्हा फुटतं. माझं इंजिन पहिल्यांदा खोलावं लागलं ते यामुळेच. हेड उलटं केलं तेव्हा पाण्याच्या एका भोकाची कड वाळवी लागलेल्या चौकटीसारखी झाली होती.

कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी, म्हणजे बॅटरीत घालतो तेच, डब्यावर दिलेल्या प्रमाणात मिसळून भरा. वाटेत गरज पडली तर पिण्याच्या गोड पाण्याची बाटली चालेल, पण घरी आल्यावर ते काढून परत नीट भरा.

आणखी एक सल्ला आमच्याकडे सर्रास मिळतो, "इकडं ऊन आहे, थर्मोस्टॅट काढून फेका." काढू नका. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप. इंजिनाला ठरलेलं तापमान लागतं. पौषातल्या सकाळी थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन बराच वेळ थंड राहतं, पेट्रोल जास्त खातं आणि सिलिंडरची झीज वाढते. गाडी तापत असेल तर रेडिएटर, पंखा, झाकण आणि आत अडकलेली हवा तपासा. रेडिएटर भरल्यावर झाकण उघडं ठेवून थंड इंजिन आयडलला चालवा, बुडबुडे थांबेपर्यंत पाणी घालत राहा. बुडबुडे थांबतच नसतील तर गॅस्केटमधून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाबलेला वायू, पाण्यात जातंय.

दुसरं इंजिन टाकताना

जुनं इंजिन विकत घेताना बिल आणि ज्या गाडीतून काढलं तिचे कागद घ्या, इंजिन नंबर खरवडलेला असेल तर फुकट मिळालं तरी नको. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन घ्या. कार्ब्युरेटरच्या गाडीत एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारं) इंजिन टाकायचं म्हणजे ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), वायरिंग आणि पेट्रोलचा पंप सगळंच बदलणं आलं. इंजिन बदलणं मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ खाली येतं, आरसीवर नवा नंबर चढवावा लागतो. आधी आरटीओत विचारा, मग पैसे मोजा. अपघात झाला आणि आरसीवर वेगळाच नंबर असला तर विम्याचं घोंगडं भिजत पडतं.

गाडीत बसवताना सर्वांत जास्त विसरली जाते ती इंजिनाची अर्थ पट्टी, म्हणजे इंजिन आणि बॉडी जोडणारी करंट परत जायची वायर. सेल्फ मारला की नुसता टक आवाज येतो आणि अ‍ॅक्सिलरेटरची किंवा चोकची केबल गरम होते. करंट केबलमधून परत जातोय. बॅटरी बदलायला धावू नका, पट्टी लावा.

पहिला स्टार्ट

प्लग काढून ठेवा, इग्निशन कॉइलची वायर सोडा आणि ऑईलचा दिवा विझेपर्यंत दहा-दहा सेकंद सेल्फ मारा. तेल वरपर्यंत पोचल्याशिवाय ठिणगी द्यायची नाही. मग प्लग, कॉइलची वायर आणि प्लगच्या वायरी लावा. या इंजिनाचा ठिणगीचा क्रम १-३-२ आहे. कार्ब्युरेटरमधून फट् करून जाळ आला तर क्रम किंवा डिस्ट्रिब्युटर चुकलंय, पेट्रोल वाढवत बसू नका. आगीसाठी वाळूची बादली आधीच हाताशी ठेवा.

सुरू झाल्यावर दिवा पेटला किंवा लुकलुकला तर त्याच क्षणी बंद करा. वायर तपासायची ती इंजिन बंद असताना. मी त्या फाट्यावर हेच केलं असतं, तर जाळी धुऊन काम भागलं असतं.

पहिले पाचशे किलोमीटर ओझं नको, एकाच वेगाने लांब पळवणंही नको. पाचशेला ऑईल गरम असताना काढा आणि त्यातलं थोडं स्टीलच्या ताटात ओतून उन्हात धरा. करडी, पिठासारखी बारीक चमक रिंगा बसत असल्याची आहे, नवीन तेल आणि फिल्टर टाकून चालवा. तांब्याच्या रंगाचे कण दिसले तर बेअरिंगचा वरचा थर जाऊन आतला उघडा पडलाय. तेव्हा गाडी छपराखाली लावून त्याच संध्याकाळी चेंबर उतरवा.