पणजोबांचा मॅजिक लँटर्न परत चालू केला (माझा अनुभव)

साखर पेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर पणजोबांचा मॅजिक लँटर्न सापडला, म्हणजे काचेवर रंगवलेली चित्रं (स्लाइड) दिव्याच्या उजेडानं पडद्यावर मोठी करून दाखवणारं यंत्र, कल्याणच्या पटवर्धनांनी 1892 च्या सुमारास शांबरिक खरोलिका म्हणून दाखवायला सुरू केलेलं तसलंच. आतला रॉकेलचा दिवा काढून छोटा एलईडी बसवला, पण मधे पिवळट ठिपका नि कडेला अंधार, चित्रच दिसेना. दोन दिवस पुढची लेन्स पुसत बसलो, चूक तिथं नव्हतीच. दिव्यासमोर कंडेन्सर असतो, म्हणजे उजेड गोळा करून स्लाइडवर टाकणारी, एका बाजूनं सपाट अशी दोन भिंगं, त्यांचे फुगीर भाग एकमेकांकडे पाहिजेत, कुणीतरी एक उलटं बसवलेलं. ते फिरवलं, मग दिवा थोडा थोडा मागंपुढं सरकवत राहिलो, उजेड एकसारखा पसरला की थांबायचं. भिंगाची रिंग गच्च आवळू नका बरं का, जुना दिवा लावला तर काच तापून फुगते नि तडकते. आणि रंगवलेल्या स्लाइडला पाणी अजिबात नको, रंग निघतो, मऊ ब्रशनं धूळ झटकायची बस्स.

लेन्समधून चित्र उलटं पडतं, म्हणून रात्री स्लाइड उलटी घातली तेव्हा दारावर टांगलेल्या पांढऱ्या धोतरावर मोर सरळ उभा राहिला, आजी पलंगावरून उठून जवळ येऊन बघत बसली.