पॉपकॉर्न खा, पण हिंगाची डबी आधी बघा

गेल्या गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये एक मुलगी ताट न घेता भिंतीला टेकून उभी होती. नाशिकची, नवऱ्याच्या नोकरीपाठोपाठ नेपरव्हिलला येऊन जेमतेम चार महिने झालेले. जेवत का नाहीस म्हणून विचारलं, तर हळूच म्हणाली, "काकू, मला सीलिअॅक आहे. इथे कशात काय घातलंय कळत नाही. घरी जाऊन पॉपकॉर्न खाईन. ते तरी चालतात ना?"

"कसे करतेस?"

"साधेच हो. फोडणी द्यायची, वरून आईचं मेतकूट."

पॉपकॉर्न चालतात. तिची फोडणी चालत नव्हती आणि मेतकूट तर अजिबातच नाही. सीलिअॅक म्हणजे गव्हासारख्या धान्यांतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनाने आतड्याला इजा होण्याचं दुखणं. अकरा वर्षांपूर्वी मी याच खड्ड्यात पडले होते आणि दीड वर्ष बाहेर आले नव्हते. त्यानंतर शिकागोच्या या उपनगरांत नव्याने आलेल्या पाच-सहा जणांना त्याच खड्ड्यात पडताना पाहिलं, म्हणून लिहायला बसले.

आधी एक गोष्ट थोडक्यात. डॉक्टरांनी निदान केलेलं नसेल आणि नुसतं पोट फुगतं म्हणून गहू सोडायच्या विचारात असाल, तर थांबा. टीटीजी-आयजीए ही रक्ताची तपासणी आणि त्यानंतरची एन्डोस्कोपी, दोन्ही गहू खात असतानाच करायच्या असतात. आधीच गहू बंद केला तर दुखणं असूनही रिपोर्टमध्ये दिसत नाही, आणि मग निदानासाठी पुन्हा आठवडेच्या आठवडे पोळ्या खायची पाळी येते. इन्शुरन्सचं कार्ड हातात आलं की हे उरकून घ्या.

आता मका. ग्लूटेन असतं गहू, बार्ली आणि राय या तिघांत. मक्यात नाही. कधीतरी 'कॉर्न ग्लूटेन' असा शब्द वाचनात येईल आणि छातीत धस्स होईल, पण तो मक्यातल्या प्रथिनाला व्यापारात पडलेला शब्द आहे. आपल्याला बाधतं ते हे नव्हे. पाकिटांवर दिसणाऱ्या माल्टोडेक्स्ट्रिनचंही तसंच. नावात माल्ट, म्हणजे मोड आणलेली बार्ली, असलं तरी त्याचा बार्लीशी संबंध नाही. तेव्हा मक्याच्या लाह्या, तेल आणि मीठ एवढंच असेल तर बिनधास्त खा. बाकीचं सगळं लिखाण त्या लाह्यांवर आपण काय भुरभुरतो त्याबद्दल आहे.

मला निदान झालं त्याच आठवड्यात कणीक, रवा, मैदा, शेवया सगळं शेजारणीला देऊन टाकलं. भाकरी, भात, आमटी, आणि संध्याकाळी ऑफिसातून आलं की फोडणीचे पॉपकॉर्न. फार शिस्तीत चाललंय असं मलाच वाटायचं. सहा महिन्यांनी टीटीजीचा आकडा थोडा उतरला आणि तिथेच अडकला. डॉक्टरीणबाई दरवेळी विचारायच्या, बाहेर खाता का? नाही. सोया सॉस? नाही. बिअर? अहो नाही! शेवटी पुन्हा एन्डोस्कोपी करायची ठरली, ती नेमकी जानेवारीत. डिडक्टिबल, म्हणजे इन्शुरन्सने द्यायला लागण्याआधी आपण भरायची वर्षाची रक्कम, नव्याने सुरू झालेलं, त्यामुळे दोन हजार डॉलरच्या वर खिशातून गेले. आतडं अजून सुजलेलंच होतं. मग डाएटिशियनने सांगितलं की स्वयंपाकघरात जे जे रोज वापरता ते सगळं पिशवीत घालून आणा. मी मसाल्याचा डबासुद्धा नेला. तिने एकेक वस्तू बाजूला ठेवली, हिंगाची डबी उचलली, चष्मा कपाळावर सरकवून बारीक अक्षरं वाचली आणि डबी माझ्याकडे वळवली. एडिबल गम, व्हीट फ्लोअर, असाफेटिडा.

गव्हाचं पीठ. हिंगाच्या डबीत. ते लपवलेलंही नव्हतं. छापलेलं होतं, वाचलं नव्हतं मीच. हिंगाची डबी कोण वाचतं?

हिंग म्हणजे अफगाणिस्तान-इराणकडच्या एका झाडाच्या मुळाचा वाळवलेला चीक. तो नुसता वापरणं अवघड, इतका उग्र. म्हणून पीठ आणि डिंक घालून तो सौम्य करतात, आणि आपण ज्याला आयुष्यभर हिंग म्हणतो ते हे मिश्रण. पीठ बहुतेक वेळा गव्हाचं. खडा हिंग आणला की सुटलो असंही समजू नका, कित्येक खडे याच मिश्रणाचे वळलेले असतात. तांदळाच्या पिठातला, डबीवर 'ग्लूटेन फ्री' छापलेला हिंग इथे मिळतो. तो मिळेपर्यंत हिंगाशिवाय जगा.

"चिमूटभराने काय होतंय?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर पाठ आहे. इटलीतल्या संशोधकांचा २००७ सालचा एक अभ्यास आहे. सीलिअॅक असलेल्यांच्या पोटात रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने गेलं, तर आतड्याला इजा दिसली. ५० मिलिग्रॅम ग्लूटेन म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम मैदा. आता मोजा. सकाळच्या आमटीत एक चिमूट, भाजीत एक, ताकाच्या फोडणीत एक, संध्याकाळच्या पॉपकॉर्नवर एक. एका चिमटीने काही होत नसेल, पण आपण एका चिमटीवर कधी थांबतो?

आणि हिंग फक्त डबीतच नसतो. चाट मसाल्यात असतो, उडदाच्या पापडात असतो, लोणच्यात असतो. पॉपकॉर्नवर चाट मसाला भुरभुरणं ही इथल्या प्रत्येक देशी घरातली रीत आहे, म्हणून मुद्दाम सांगते. मेतकुटाचं तर आणखी वाईट. बहुतेक घरांत चणाडाळ, तांदूळ, उडदाबरोबर त्यात गहू भाजून घालतात, वर हिंग. थालीपिठाच्या भाजणीतही गहू असतोच. सासूबाईंनी प्रेमाने आणलेलं ज्वारीचं पीठ गिरणीतून आणलेलं असेल, तर आपल्या आधी त्या जात्यातून कुणाचा गहू गेला हे गिरणीवाल्यालाही आठवत नसतं. घरात कुणी दुसरं खाणारं असेल तर त्यांना द्या. नसेल तर टाकून द्या. जीव तुटतो, मला माहीत आहे.

आता विकतच्या पाकिटांविषयी. इथल्या कायद्याचं मला कौतुक आहे आणि त्याच्यावर रागही आहे. २००४ च्या कायद्याने पाकिटावर गहू स्पष्ट लिहिणं सक्तीचं झालं, २००६ पासून ते लागू आहे. म्हणजे घटकांत कुठेही गहू असेल तर तो शब्द दिसणार. पण बार्ली आणि राय त्या यादीत नाहीत! त्यामुळे 'कंटेन्स' या ओळीत व्हीट दिसलं नाही म्हणून पाकीट उघडू नका. वर जाऊन माल्ट, बार्ली, माल्ट व्हिनेगर, ब्रूअर्स यीस्ट हे शब्द शोधा. यीस्ट एक्स्ट्रॅक्ट दिसलं आणि पाकिटावर ग्लूटेन फ्री लिहिलेलं नसेल, तर मी ते परत ठेवते, कारण ते बिअरच्या उरलेल्या यीस्टपासूनही काढतात. चीज, बार्बेक्यू, सॉल्ट अँड व्हिनेगर असल्या चवींत हे प्रकार सापडतात. 'मे कंटेन व्हीट' ही ओळ लिहायची सक्ती नाही, त्यामुळे ती नसणं म्हणजे काही हमी नव्हे.

पाकिटावर ग्लूटेन फ्री असं छापलं असेल तर एफडीएच्या, म्हणजे इथल्या अन्न-औषध खात्याच्या, २०१३ च्या नियमाप्रमाणे त्यात २० पीपीएमपेक्षा कमी ग्लूटेन असायला हवं, म्हणजे दहा लाख भागांत २० पेक्षा कमी. जीएफसीओ या ग्लूटेन फ्री प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा शिक्का असेल तर मर्यादा आणखी कडक, १० पीपीएम. भारतातही एफएसएसएआयची, म्हणजे तिथल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, मर्यादा २० चीच आहे, तेव्हा तिथून आलेल्या पाकिटावर तसं छापलेलं असेल तर हरकत नाही. देशी दुकानात मात्र सुट्टा माल दुकानातच पिशव्यांत भरून वर चिठ्ठी डकवलेली असते. तसलं मी घेत नाही. 'व्हीट फ्री' म्हणजे ग्लूटेन फ्री नव्हे, हे वेगळं सांगायला नको, पण सांगते.

न फुललेला मका घेताना बंद पिशवीतला घ्या. मोठ्या दुकानांत पिंपातून काढून घ्यायची सोय असते, तिथे पलीकडच्या पिंपात गव्हाचा दलिया असतो आणि लोक एकाचा डाव दुसऱ्यात खुपसतात. मी डोळ्यांनी पाहिलंय. घरी आणल्यावर ताटात पसरून निवडा, आपल्या आया निवडायच्या तसं. मसूर निवडताना मला दोनदा गव्हाचे दाणे सापडले आहेत. मक्यात अजून नाही, पण निवडायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

मुलांच्या शाळेत आणि ऑफिसात पॉपकॉर्न सारखे समोर येत राहणार, याची तयारी ठेवा. इलिनॉयमध्ये तर पॉपकॉर्न हा राज्याचा अधिकृत खाऊ आहे. शरद ऋतूत स्काउटची पोरं दारावर विकायला येतात. ख्रिसमसला ऑफिसात तीन कप्प्यांचा मोठा पत्र्याचा डबा येतो, एकात लोण्याचे, एकात चीजचे, एकात कॅरॅमलचे. पहिल्या तासातच तिन्ही कप्पे एक होतात, आणि त्यात ज्या हाताने गव्हाचं प्रेट्झेल खाल्लं तोच हात जातो. तो डबा मी उघडणाऱ्यांत असेन तरच खाते, नाहीतर नाही. (चार वर्षांखालच्या मुलांना पॉपकॉर्न देऊच नका, घशात अडकतात. याचा ग्लूटेनशी संबंध नाही.)

थिएटरचे पॉपकॉर्न बहुधा चालतात. मका, तेल, पिवळं मीठ. वरून ओततात ते 'बटर' म्हणजे बव्हंशी तेलच. तरी त्या काउंटरवर विचारा, आणि शेजारी ठेवलेल्या चवींच्या डब्यांना हात लावू नका. तिथल्या पोराला काही माहीत नसतं, पण तो आत जाऊन तेलाचं खोकं आणून दाखवतो. याबाबतीत अमेरिकन माणूस बरा. "मला आजार आहे" म्हटलं की तो ऐकतो. खात्री नसेल तर सरळ सांगतो की खात्री देता येत नाही. हे मुख्यतः कोर्टकचेरीच्या भीतीने असेल, पण आपलं काम होतं.

आपल्या माणसांचं तसं नाही, आणि हे मी वीस वर्षं मंडळात भांडी घासून बोलतेय. आपल्याकडे नकार म्हणजे अपमान. "प्रसाद आहे, नाही म्हणू नये." "माझ्या हातचं आहे, काही होत नाही." शिवाय वजन कमी करायला ग्लूटेन सोडलेले काही जण असतात, ते शनिवारी पाणीपुरी खातात आणि म्हणतात आज चालेल. त्यांच्यामुळे आपलं खरं दुखणंही फॅशन ठरतं. भांडू नका. मी सरळ "डॉक्टरांनी बंद केलंय" म्हणते. डॉक्टर म्हटलं की आपली माणसं गप्प बसतात, आजाराचं नाव घेतलं की सल्ले द्यायला लागतात. जाताना स्वतःचा डबा न्या. उपवासाचे पदार्थ दिसले तर नशीब समजा. साबुदाणा, वरी, राजगिरा, शेंगदाणे, यांत गहूही नाही आणि उपवासाला हिंगही चालत नाही. फक्त डाव स्वतंत्र आहे ना बघा.

घरी मी कसे करते ते सांगते. जाड बुडाचं पातेलं, जे कधी पास्त्याला वापरलेलं नाही. दोन मोठे चमचे तेल, त्यात तीन दाणे टाकायचे. तिन्ही फुटले की तेल तापलं. मग अर्धी वाटी दाणे, आणि झाकण किंचित तिरकं, वाफ बाहेर जाऊ द्यायची, नाहीतर लाह्या चामट होतात. फुटण्याचा आवाज विरळ झाला की गॅस बंद. फोडणी वेगळ्या कढल्यात: तेल, मोहरी, कढीपत्ता, गॅस बंद करून हळद आणि तिखट. ती लाह्यांवर ओतून मीठ घालून हलवायचं. ज्वारीच्या लाह्यांनाही हेच. निदान होऊन पहिले काही महिने फार खाऊ नका, लाह्यांची टरफलं सुजलेल्या आतड्याला टोचतात आणि उगाच वाटतं की पोटात ग्लूटेन गेलं.

त्या नाशिकच्या मुलीने त्याच रात्री आईला फोन केला. गव्हाशिवाय मेतकूट कर म्हणाली, तर आई म्हणे, "मग त्याला मेतकूट कशाला म्हणायचं?" तरी केलं. तांदूळ थोडा वाढवला, गिरणीत न देता घरच्या मिक्सरवर दळलं, आणि येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवलं. दिवाळीत ती मला वाटीभर देऊन गेली. पिशवीवर आईने पेनाने लिहिलं होतं: गहू नाही, हिंग नाही, मिक्सर नीट धुतलाय. हिंगाशिवाय मेतकूट जरा मुकं लागतं, पण पॉपकॉर्नवर चालून जातं.